प्रॅथरची शपथ

सेंट लुई, ३ नोव्हेंबर १८३४

पाद्रीबाबा आज वैतागून म्हणाले, "ओनोरीन, तू येतेस पापं कबूल करायला आणि स्वतःची सोडून शेजाऱ्यांची सांगून जातेस. त्यापेक्षा घरी बसून लिहीत जा. माझं जेवण तरी निवायचं नाही." म्हणून हे लिहिणं सुरू केलं. ननबाईंनी लहानपणी चार अक्षरं शिकवली, ती एवढ्या वर्षांनी कामाला आली.

आम्ही काळे, पण माझी आई मोकळी जन्मली, गुलाम नव्हे, आणि मीही मोकळी जन्मले. नवरा बोटीवर कामाला होता, त्याला नदीनंच नेलं. धुलाईचा धंदा माझा स्वतःचा आहे, आणि या गावातले निम्मे गोरे साहेब माझ्या कांजीच्या जोरावर ताठ उभे राहतात, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

परवा उकळत्या पाण्याचा हंडा कलंडला आणि डावा हात कोपरापर्यंत भाजला. एका हातानं इस्त्री होत नाही. वकील हॅलोरन खमीस न्यायला आला होता, तो म्हणाला की शेरीफकडे एक बाई आहे. गुलाम आहे, पण मालकावर दावा लावलाय. दावा चालू असेपर्यंत अशा माणसाला मालकाच्या घरात ठेवत नाहीत, शेरीफ त्याला मजुरीवर देतो. जामीन तो स्वतः राहील म्हणाला. पोरगा माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, बोलताना कान लाल होतात, पण मला नुसतं 'ओनोरीन' म्हणतो. गोऱ्यांना आमच्या नावामागं 'बाई' लावताना घसा दुखतो. चालायचंच.

५ नोव्हेंबर

बाई आली. केझाया तिचं नाव. चाळिशीची असेल, उंच, मनगटं गड्यासारखी. आल्याबरोबर माझ्या इस्त्र्या उचलून तळवे पाहिले आणि म्हणाली, "मादाम, या दोन मेण लावून घासायला हव्यात." मी म्हटलं, बस आधी, पाणी पी. ती म्हणाली, घासताना पिईन.

हॅलोरननं दावा समजावून सांगितला. दहा वर्षांपूर्वी टोबायस प्रॅथर हिला घेऊन नदीपलीकडं इलिनॉयला गेला. आपल्या मिसूरीत गुलामी आहे, त्या राज्यात नाही. मालक तिथं घर करून राहिला तर त्याची माणसं मोकळी होतात, आणि एकदा मोकळं झालेलं माणूस पुन्हा नदी ओलांडून इकडं आलं म्हणून गुलाम होत नाही, असं आपल्या इथल्या कोर्टानंच ठरवलंय. पण मालक वाटसरू म्हणून चार दिवस टेकला असेल, तर त्यानं कुणी सुटत नाही. प्रॅथर म्हणतो, मी पाहुणा होतो. केझाया म्हणते, तो राहत होता. वाद एवढाच. पण तिचा सगळा जन्म या एवढ्याशावर टांगलाय, आणि तिच्या लेकीचाही. नान्स तिकडंच जन्मली. ती अजून प्रॅथरच्या घरी आहे. आईचं जे ठरेल तेच लेकीचं.

दाव्याचं नाव मी हॅलोरनकडून दोनदा वाचून घेतलं. "केझाया, एक काळी बाई, विरुद्ध टोबायस प्रॅथर." जिला आडनावसुद्धा नाही तिचं नाव आधी, आणि ज्याची धक्क्यावर दोन गोदामं आहेत त्याचं मागून. आणि दावा कशाचा, तर मारहाण आणि कोंडून ठेवल्याचा! मोकळ्या बाईला बळानं राबवलं म्हणून. मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं या गावात राहते, आणि कागदावर असं काही लिहिता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

९ नोव्हेंबर

कामाला वाघीण आहे. पण तोंडानं सारखी पुटपुटत असते. इस्त्री पुढं गेली की एक शब्द, मागं आली की एक शब्द. मेथडिस्ट पंथाच्या लोकांची प्रार्थना असणार. आमच्या प्रार्थना लॅटिनमध्ये असतात, काही कळत नाही, त्यामुळं किती पवित्र वाटतात. हिची मला कळते आणि तरी कळत नाही. आज कान देऊन ऐकलं तर 'चूल' ऐकू आलं, मग 'छप्पर'. परमेश्वराला हिच्या चुलीशी काय करायचंय?

१६ नोव्हेंबर, रविवार

बाजारातल्या पंपापाशी नान्स दिसली. प्रॅथरची बायको पुढं, नाकानं कांदे सोलत, आणि मागं ही पोर, टोपली घेऊन. आईपासून दहा हातांवरून गेली आणि तिनं मान वळवून पाहिलं नाही. एप्रन बांधायचं धड कुणी शिकवलं नाही, गाठ पाठीवर असायची ती डाव्या कमरेवर.

माझं काळीज तुटलं. मी केझायाला म्हटलं, "त्या घरात पोरीला तुझ्याविरुद्ध भरवलेलं दिसतंय. ओळखसुद्धा दाखवली नाही."

ती म्हणाली, "बरी आहे ती."

आणि घरी येताना चक्क गुणगुणत होती. कसलं हे दगडाचं काळीज, कोण जाणे.

२ डिसेंबर

बँकवाल्या साहेबांनी खमीस परत मागवले. धुतलेले, न धुतलेले, सगळे. नोकर म्हणाला, "आमचे साहेब प्रॅथरसाहेबांचे स्नेही आहेत." मागच्या आठवड्यात न्यायाधीशाच्या मेहुणीनं टेबलावरच्या चादरी बंद केल्या. माझा हात आता बरा झालाय. शेरीफकडं जाऊन 'घेऊन जा बाबा हिला' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

केझायानं विचारलं नाही, मीच बोलून बसले. म्हटलं, "तू मागं घेतलास दावा तर? चाबूक मारेल, पण जगशील. हरलीस तर दोघींना खाली न्यू ऑर्लिन्सला विकेल. तिथल्या उसाच्या मळ्यात माणूस पाच वर्षं टिकत नाही म्हणतात."

तिनं इस्त्री निखाऱ्यावर परत ठेवली आणि दुसरी घेतली. "मादाम, तुम्ही कधी कुणाला मोकळं होताना पाहिलंय?"

"मी जन्मापासून मोकळी आहे."

"तसं नाही. होताना."

मी पुढचा खमीस उचलला. शेरीफकडं मी गेले नाही, हेही इथं लिहून ठेवते.

११ डिसेंबर

आज कळलं की कोर्टात केझाया बोलूच शकणार नाही. गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नाही. तिचाच दावा, तिचीच पाठ, तिचीच लेक, आणि तिनं गप्प बसायचं! मी हॅलोरनला म्हटलं, "मग मी बोलते. ही किती खरी बाई आहे ते मी सांगते. मी मोकळी आहे, माझं घर आहे, माझ्या नावावर धंदा आहे."

त्याचे कान लाल झाले. खाली बघत म्हणाला, "तुझीही चालत नाही, ओनोरीन."

तोंडात मारल्यासारखं झालं. एवढा ताठा घेऊन मी या गावात फिरते, आणि त्या खोलीच्या उंबऱ्याशी आम्हा दोघींचं तोंड सारखंच बंद. दिवसभर मी केझायाशी उगाच तुसडेपणानं वागले. संध्याकाळी तिनं माझ्या पायाशी गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवलं.

१४ जानेवारी १८३५

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं घडलं नाही. नदी गोठायला लागली आहे. पण आज घडलं, ते लिहिते.

जेवताना, मक्याची लापशी आणि डुकराच्या चरबीचे तुकडे पुढ्यात असताना, मी सहज विचारलं, "कोर्टात तुझ्यासाठी गोरा बोलणार तरी कोण?"

केझाया म्हणाली, "एलिहू टॅगर्ट. पिंपं करणारा. पलीकडच्या काठावर राहतो."

"तुझ्यावर त्याचा जीव आहे?"

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "माझ्यावर? त्याला आमच्यातल्या कुणाची सावली चालत नाही. पण प्रॅथर त्याला आमच्यापेक्षा जास्त नकोसा आहे."

मग तिनं सांगितलं. त्या वर्षी पलीकडं मतदान होतं. त्या राज्यात गुलाम ठेवू द्यायचे की नाही, यावरून भाऊ भावाशी बोलत नव्हता. प्रॅथरला गुलामी हवी होती. पण मत द्यायला तिथला रहिवासी असावं लागतं. गवतावर टेबल मांडलेलं, भोवती सगळं गाव. प्रॅथरनं आपल्या बाजूच्या मतदारांना पाजायला व्हिस्कीची बादली आणली होती, ती केझायाच्या हातात. पोटात नान्स, आठवा महिना. प्रॅथर पुढं झाला, तसा टॅगर्ट ओरडला, "हा मिसूरीचा माणूस आहे! याचं इथं काही नाही!" टेबलामागचा अधिकारी म्हणाला, असं असेल तर शपथ घ्या. प्रॅथरनं बायबलवर हात ठेवला.

इथं केझाया उठून उभी राहिली. पाठ सरळ केली, हनुवटी वर, आणि तिच्या तोंडून प्रॅथर बोलायला लागला. त्याचा तो व्हर्जिनियाकडचा लांबवलेला सूर, तो खाकरा, सगळं.

"देवासमक्ष सांगतो. माझं घर इथं आहे. माझी चूल इथं पेटते. माझी माणसं याच छपराखाली आहेत. आणि परत जायला मला दुसरं ठिकाण नाही."

माझा चमचा हातातच राहिला. चूल आणि छप्पर! इस्त्रीच्या टेबलापाशी मी दोन महिने ऐकतेय ते हे.

"ती प्रार्थना नव्हती?" मी विचारलं.

"होती की," ती म्हणाली. "त्या दिवशी मी बादली खाली ठेवली, मादाम. तिथल्या मिठागरात राबणारे आमच्यातले गडी आपसांत बोलायचे की मालक इथं राहिला तर आपण सुटतो. आणि हा माणूस देवासमोर स्वतःच्या तोंडानं सांगत होता की मी राहतो. मला वाटलं, हा मत देत नाहीये, मला सोडतोय, आणि याला पत्ता नाही. त्याला वाटलं एकदा शब्द हवेत गेले की गेले. म्हटलं, ठीक आहे, मी धरून ठेवते."

"मग दहा वर्षं?"

"लगेच महिन्याभरात तो परत इकडं आला. कडेवर पोर होती. कोणाकडं जायचं, कुणाला विचारायचं, काही ठाऊक नव्हतं. पण रोज म्हणायचे. एक शब्द हलला असता तरी माझं सगळं गेलं असतं."

रात्री जपमाळ घेऊन बसले, पण मेरी मातेऐवजी मनात तेच चाललं होतं. गुलामी आणायला घेतलेली शपथ, आणि तीच या बाईनं दहा वर्षं जिभेखाली सांभाळली. देवाच्या हातचं काम मी चर्चच्या काचांवर रंगवलेलं पाहिलंय. आज माझ्या स्वयंपाकघरात, लापशीच्या वाडग्यासमोर पाहिलं.

२८ जानेवारी

हॅलोरन गोठलेल्या नदीवरून चालत पलीकडं जाऊन आला. आता सगळं गाव बर्फावरून जातंय, गाड्यासुद्धा. टॅगर्ट त्याला म्हणाला म्हणे, "काळ्या बाईसाठी मी अंगणसुद्धा ओलांडायचा नाही, नदी सोड." हॅलोरन हताश होऊन निघाला आणि जाता जाता एवढंच म्हणाला की बरोबर आहे, प्रॅथरही सांगतोय तो तिथं नुसता पाहुणा होता.

"काय सांगतोय?" म्हातारा गर्जला. "पाहुणा? म्हणजे मी म्हणत होतो तेच ना? म्हणजे त्या दिवशी सगळ्या गावासमोर मला खोटं पाडून तो खोटी शपथ घेऊन गेला?"

"तसं तो आता म्हणतोय खरा."

"केव्हा यायचं सांग!"

केझाया हे ऐकून म्हणाली, "देवानं कुऱ्हाड पाठवली आहे. दांडा खरखरीत का, हे मी विचारत नाही."

१ मार्च, रविवार

काल दुपारी बर्फ फुटला. तोफा डागल्यासारखे आवाज, सगळं गाव काठावर. घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत खाली चाललेत. आता नदी चालायचीही नाही आणि होडीचीही नाही. दावा शुक्रवारी उभा राहणार, आणि टॅगर्ट पलीकडं. काय होणार?

४ मार्च

आज सकाळी पंपापाशी पुन्हा नान्स. पुन्हा तेच, मान खाली, नजर नाही. निदान एप्रन तरी आज नीट होतं, गाठ पाठीवर मधोमध. मी घरी येऊन केझायाला म्हटलं, "चला, कुणीतरी पोरीला शिकवलं म्हणायचं."

ती गोऱ्या बाईसारखी पांढरी पडली. "गाठ मागं होती? नक्की? डावीकडं नव्हती?"

"मागं होती. का गं?"

हातातली ओली चादर तिनं चिखलात टाकली आणि पळत सुटली. हॅलोरनच्या दारात जाऊन धडका दिल्या म्हणे. त्यानं न्यायाधीशाकडून हुकूम आणला, आणि शेरीफला नान्स सापडली ती खालच्या धक्क्यावरच्या बोटीत, पिंपांच्या मागं, गळ्यात चिठ्ठी. पाणी मोकळं झालं की बोट न्यू ऑर्लिन्सला सुटणार होती. अजून एक दिवस आणि पोर गेली असती!

हिला कसं कळलं, देव जाणे. आईचं आतडं म्हणतात ते उगाच नाही. पोटात ओढ बसली असणार.

नान्सला निकालापर्यंत तुरुंगात ठेवलंय, कारण प्रॅथरपासून तीच एक सुरक्षित जागा. मोकळी व्हायची म्हणून दहा वर्षांची पोर गजाआड. मी मक्याची पोळी आणि माझी जुनी शाल देऊन आले. पोर मला म्हणाली, "आईला सांगा, मी रडले नाही."

६ मार्च

सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी आम्ही कोर्टात गेलो. केझायाला पुढं बाकावर बसवलं, मला मागं भिंतीशी उभं राहायला जागा मिळाली, आमच्यातले आणखी पंधरा-वीस जण तिथंच. बारा गोरे निकाल द्यायला जूरी म्हणून बसलेले. त्यातल्या तिघांच्या अंगावर माझ्या इस्त्रीचे खमीस होते, बोलता येत नसलं तरी निदान मी त्यांना ताठ तरी ठेवलं होतं.

प्रॅथरच्या वकिलानं सुरेख भाषण केलं. त्याचे पक्षकार सभ्य गृहस्थ, पलीकडं जमिनी बघायला गेलेले, प्रवासी, पाहुणे. बाई घर सांभाळायला बरोबर, एवढंच. हॅलोरन उठला आणि त्याची पाचावर धारण बसली. म्हणाला, साक्षीदार पलीकडं आहे, नदी… न्यायाधीश म्हणाले, दुपारपर्यंत थांबू, त्यानंतर नाही.

मी केझायाकडं पाहत होते. ती हलली नाही. ही बाई चर्चमध्ये बसावी तशी बसली होती.

दुपार व्हायच्या जरा आधी बाहेर आरडाओरडा झाला. दार उघडलं आणि एक म्हातारा आत आला, कमरेपर्यंत भिजलेला, दाढीत बर्फाचे खडे, हातात वल्ह्याचा तुटका दांडा. लहान होडी घेऊन निघाला होता. पाणी असेल तिथं वल्हवायचं, बर्फ आला की होडी ओढून वर घ्यायची, असं करत करत सबंध मिसिसिपी ओलांडून आला होता. मागं दोन नावाडी धापा टाकत.

"प्रॅथर कुठाय?" हे त्याचं पहिलं वाक्य. बायबलवर हात नंतर ठेवला.

त्यानं मतदानाचा दिवस सांगितला. वकिलानं विचारलं, "दहा वर्षांपूर्वीचे शब्द तुम्हाला अजून जसेच्या तसे आठवतात?"

"त्याला दोनदा म्हणायला लावलं होतं मीच. कानावर विश्वास बसेना म्हणून. एका मतासाठी माणूस देवाला एवढं सांगतो?"

"मग म्हणा."

म्हातारा खाकरला. "देवासमक्ष सांगतो. माझं घर इथं आहे."

तेव्हा मला दिसलं. केझायाचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. "माझी चूल इथं पेटते." तो एक शब्द, ती एक शब्द. "माझी माणसं याच छपराखाली आहेत." इथं म्हातारा अडखळला. हॅलोरन खुर्चीतून अर्धा उठला. आणि टॅगर्टची नजर फिरत फिरत केझायाच्या तोंडावर जाऊन थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती समोर भिंतीकडं बघत होती, ओठ आपले चालूच. आयुष्यात त्यानं आमच्यातल्या कुणाच्या तोंडाकडं एवढ्या नीट पाहिलं नसेल.

"आणि परत जायला," तो म्हणाला, "मला दुसरं ठिकाण नाही. हो. हेच शब्द. हेच!"

त्याला स्वतःला आठवलं की तिच्या ओठांवर वाचलं, मला सांगता येणार नाही. ज्या खोलीत तिचं तोंड कायद्यानं बंद होतं, त्या खोलीत मी तिचं प्रत्येक अक्षर ऐकलं.

प्रॅथरचा वकील हसत उठला. "सभ्य गृहस्थहो, मतदानाच्या गडबडीत माणूस काय वाटेल ते बोलतो. तेवढ्यावरून त्याचं घर तिथं होतं असं होत नाही."

"म्हणजे खोटं बोलला," टॅगर्ट ओरडला. "बायबलवर हात ठेवून! मी तेव्हाही म्हणालो होतो, हा माणूस खोटारडा आहे!"

आणि तिथं प्रॅथर उठला. चेहरा बीटासारखा लाल. वकील त्याचा कोट ओढत होता, "बसा, साहेब, बसा," पण तो कुठला ऐकतोय. हे व्हर्जिनियाचे सभ्य लोक! माणसं विकतील, दहा वर्षांच्या पोरीला पिंपामागं लपवतील, पण खोटारडा म्हटलेलं यांना सोसत नाही.

"टोबायस प्रॅथर खोटी शपथ घेत नाही!" तो गरजला. "जन्मात घेतली नाही! जे बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं!"

म्हणजे तिथं राहत होता, हे त्याच्याच तोंडून आलं. त्याला कळायला जरा वेळ लागला. वकिलानं कोट सोडून दिला आणि खाली बसला.

जूरी फार वेळ आत राहिली नाही. त्यांचा पुढारी उभा राहून म्हणाला की प्रॅथर दोषी आहे आणि केझाया मोकळी आहे. साधंच म्हणाला, दुकानात वजन सांगावं तसं. मागच्या भिंतीशी कुणीतरी हुंदका दिला. पाहते तर मीच.

केझायानं विचारलं होतं, कुणाला मोकळं होताना पाहिलंय का. आज पाहिलं. बाहेरून काही दिसत नाही. ती उठली, शाल सारखी केली आणि टॅगर्टपाशी जाऊन म्हणाली, "आभारी आहे, साहेब."

"तुझ्यासाठी नाही आलो," तो गुरकावला. "आणि आमच्या काठाला तुम्ही लोक येऊ नका म्हणजे मिळवली." पण गेला नाही. ओला कोट पिळत उभा राहिला, मग खालच्या आवाजात विचारलं, "किती वर्षं पाठ केलं होतंस?"

"तुम्ही त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावलंत ना, तेव्हापासून. पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नव्हतं."

म्हाताऱ्यानं पिळलेला कोट अंगात घातला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, त्या टोपीकडंच जरा नवलानं पाहिलं, आणि परत घालून निघून गेला.

९ मार्च

नान्स सुटली. प्रॅथरच्या वकिलानं तिच्यासाठी वाद घातलाच नाही. पोर माझ्या दारात आली तेव्हा एप्रनची गाठ पुन्हा डाव्या कमरेवर. मी म्हटलं, "ये इकडं, नीट बांधून देते." तर मायलेकी एकमेकींकडं बघून फिदीफिदी हसायला लागल्या. केझाया म्हणाली, "राहू द्या, मादाम. ती बरी आहे."

मला काही कळलं नाही. पण तीन दिवसांत मीही पहिल्यांदाच हसले.

२९ मार्च

दोघींनी चर्चच्या मागं एक खोली घेतली. मला वाटलं होतं राहतील माझ्याकडं. कामाला रोज येणार आहे म्हणते, मजुरी आता तिच्याच हातात. तरी सकाळी इस्त्रीच्या टेबलापाशी एकटीच होते, आणि घर फार शांत वाटलं. कोणी पुटपुटत नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्याकडं एक जुनी इस्त्री आणि मिठाची पुडी घेऊन गेले. खोली म्हणजे काय, चार भिंती आणि एक चूल. केझाया मक्याचं पीठ मळत होती. तेवढ्यात दारात पोलीस आला. नवीन होता, काठीनं चौकट ठोकली.

"इथं कोण राहतं? तू कुणाची गं?"

माझ्या जिभेवर चांगलं उत्तर आलं होतं. पण केझाया पिठाच्या हातांनीच दारापाशी गेली. बायबल नव्हतं, म्हणून तिनं चौकटीवर पंजा ठेवला, पिठाचा ठसा उमटला. पाठ सरळ केली. या वेळी प्रॅथरचा सूर नव्हता, खाकराही नव्हता. तिचा स्वतःचा आवाज, सबंध गल्लीला ऐकू जाईल असा.

"देवासमक्ष सांगते. माझं घर इथं आहे. माझी चूल इथं पेटते. माझी माणसं याच छपराखाली आहेत. आणि परत जायला मला दुसरं ठिकाण नाही."

पोलिसानं चौकटीवरचा ठसा पाहिला, मग काठी काखेत मारून निघून गेला.

नान्सनं माझा परकर ओढला. "ओनोरीनमावशी," ती हळूच म्हणाली, "तुमचेपण ओठ हलतात."